सोळुंके काका आणि दुसरा भोंगा

सकाळी दूधवाल्याच्याही आधी दाराची बेल वाजते. आपण अर्धवट झोपेत दार उघडतो. समोर एक उंच, वाळका गृहस्थ उभा असतो. अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि हातात चित्रकलेचा बारीक ब्रश. चपला काढता काढताच तो सांगतो, "तुमच्या भोपळ्याला मादी फूल आलंय. काल खालून बघितलं. ऊन चढलं की मिटेल. बाल्कनी कुठल्या बाजूला?"

आमच्या सोसायटीत राहायला आलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग एकदा भोगावा लागतो. दुसऱ्या वेळी सवय होते. तिसऱ्या वेळी आपणच आदल्या दिवशी बाल्कनीतली वाळत घातलेली बनियनं काढून वाट मोकळी करून ठेवतो.

हे आमचे सोळुंके काका. मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत पार्ट तपासण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर तळवड्याच्या कडेला आमच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहायला आले. बायको आजारी असते, बाहेर पडत नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. कुणी चौकशी केली तर काका "ठीक आहे" म्हणायचे आणि लगेच समोरच्याच्या दुधीची चौकशी करायचे. मग आपणही दुधीवरच बोलायचो.

ब्रशचं कारण साधं आहे. वरच्या मजल्यांवर मधमाश्या फारशा येत नाहीत. वेलाला फुलं येतात, गळून जातात, भोपळा धरत नाही. म्हणून नर फुलातला पिवळा पराग ब्रशने उचलायचा आणि मादी फुलात नेऊन ठेवायचा. खरं म्हणजे हे काम मधमाशीचं. काका स्वतःला तिच्या जागेवरचा 'बदली कामगार' म्हणवून घेतात. "अकरावा मजला तिला परवडत नाही हो," ते सांगतात. "वर पोचेपर्यंत तिचा डबा संपतो."

मी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये बालवाडी चालवते. मुलं तीन ते पाच वर्षांची. एकदा मी त्यांना भाज्यांचा तक्ता दाखवत होते, तेवढ्यात खिडकीतून पांढरं हेल्मेट आत आलं.

"देसाई मॅडम, लेकरांना एक प्रश्न विचारू का?" परवानगीची वाट न बघता त्यांनी विचारलाच. "बाळांनो, भोपळा येतो कुठून?"

"मोबाईलमधून!" ओवी म्हणाली. ओवी आमच्याकडची सगळ्यांत बोलकी. "मग दादा गाडीवरून आणून देतो."

बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. काकांनी हेल्मेट काढून हातात घेतलं, माणसं मयताच्या घरी टोपी काढतात तसं. मग म्हणाले, "मॅडम, मला शनिवारचा एक तास द्या."

मी दिला. हात धुऊन घ्यायचे, तास वेळेवर संपवायचा, मुलांना काही खायला द्यायचं तर आधी मला दाखवायचं, अशा अटी घातल्या. काकांनी सगळ्या मान्य केल्या आणि वर आपली एक घातली. "सुरुवातीला हेडकाउंट, शेवटी हेडकाउंट. आत गेलेला माल आणि बाहेर आलेला माल जुळला पाहिजे."

त्या तासाला आमच्या क्लबहाऊसची कंपनी होत असे. निम्मी मुलं फुलं व्हायची. प्रत्येक फुलापुढे एक वाटी, वाटीच्या तळाला खडीसाखर आणि एकाआड एक वाटीत तिच्यावर हळद. उरलेली मुलं मधमाश्या. त्यांनी हातात जुने पायमोजे चढवायचे आणि गुणगुणत येऊन खडीसाखर उचलायची. मोजा हळदीने माखायचा. तोच मोजा पुढच्या वाटीत गेला की ही हळद तिकडे.

"माशी हळद न्यायला आली होती का?" काका गरजायचे.

"नाऽऽही!"

"मग कशाला आली होती?"

"खाऊला!"

"आणि हळद?"

"फुकट पोचली!"

"बरोबर. खाऊ माशीचा, काम फुलाचं. आता इन्स्पेक्शन!" मग काका बिनहळदीची ठेवलेली प्रत्येक वाटी भिंगातून तपासायचे. ज्या फुलाकडे दुसऱ्याची हळद पोचली असेल त्याला कागदाचा भोपळा. नसेल पोचली, तर सगळा वर्ग आनंदाने ओरडायचा, "रिजेक्ट!"

एकदा त्यांनी खराखुरा रिजेक्ट माल आणला. बोराएवढा, पिवळा पडून सुरकुतलेला भोपळा. तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला. "ह्याच्याकडं कुणी आलंच नाही," ते म्हणाले. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. शौर्यने पुढे होऊन त्या भोपळ्याची पापी घेतली.

तक्रारी माझ्याकडे यायच्या. हळदीचे डाग निघत नाहीत. ओवीने भाजीवाल्याला विचारलं, "याच्यावर माशी बसली होती ना?" आणि तो भडकला, "माझ्या मालावर माशी? कोण म्हणतं?" काकांना भुंगेकाका म्हटलेलं मात्र खपत नसे. "भुंगा वेगळा, मधमाशी वेगळी. मधमाशीतसुद्धा आग्या वेगळी, सातेरी वेगळी, फुलोरी वेगळी. आग्या म्हणजे हेवी डिपार्टमेंट, तिला लांबून नमस्कार. फुलोरी म्हणजे गरीब, झुडपात राहणारी. पार्ट मिक्स करायचे नाहीत!" हे शेवटचं वाक्य ते कुठेही वापरायचे. माझ्या मावसबहिणीला एकदा माझी सख्खी बहीण समजून कुणीतरी बोलायला गेलं, तेव्हाही वापरलं होतं.

सगळ्यांत जास्त तक्रारी भोंग्याच्या होत्या. आमच्या कुंपणाला लागून एक छोटा कारखाना आहे. त्याच्या भोंग्यावर आमची सोसायटी उठते, जेवते आणि नळाला पाणी आलं का बघते. काकांनी त्यावर खेळ बसवला होता. पहिला भोंगा झाला की फूल व्हायचं. पाय जमिनीत रुतलेले, हात वर पाकळ्यांसारखे, तोंड बंद. माशी अंगावर आली, नाकावर बसली, तरी हलायचं नाही. "फूल पळत नाही. आपण पळालो, हात झाडले, की माशी भिते आणि भ्यालेली माशी चावते." दुसरा भोंगा झाला की सुट्टी. कारखान्याचा भोंगा सोयीच्या वेळी होत नसे, म्हणून काका तो स्वतःच वाजवायचे. उजवा तळहात गालाला लावून, मान मागे टाकून, "भोंऽऽऽऽ". इतका हुबेहूब की एकदा कारखान्याचा वॉचमन गेट उघडायला धावला होता.

घरोघरी पंचाईत झाली. दुपारी खरा भोंगा वाजला की मुलं तोंडात घास धरून हात वर करायची. ओवीची आई म्हणाली, "मॅडम, दुसरा भोंगा होईपर्यंत वरण गार होतं हो."

मी काकांशी बोलायचं ठरवलं होतं. पण त्याआधीच पोळं लागलं.

उन्हाळा सुरू होत होता. बालवाडीच्या दाराशेजारी बोगनवेलीची दाट रांग आहे, तिच्यात तळहाताएवढं पोळं दिसलं. पहिल्यांदा बघितलं ते ओवीने. दुसऱ्यांदा सगळ्या सोसायटीने, ग्रुपवर, मोठं करून. त्या फोटोत ते परातीएवढं दिसत होतं.

आमचे चेअरमन वाघोले. इथल्या जुन्या गावातले, ज्या जमिनीवर सोसायटी उभी आहे तिथे त्यांचा कांदा व्हायचा. माणूस कामाचा, पण एकदा ठरवलं की ठरवलं. आणि शौर्य हा त्यांचा एकुलता एक नातू. त्यांनी मला आणि काकांना ऑफिसात बोलावलं.

"मॅडम, त्ये पोळं जाळायचं. पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगितलंय."

"चेअरमन साहेब, फुलोरी आहे ती," काका म्हणाले. "आग्या नव्हे. पार्ट मिक्स करायलाव तुम्ही."

"माशी ती माशी. चावली तर तुमी चावून घेताल का राव?"

"घेईन की."

"तुमचं सोडा. माझा नातू हाय तिथं."

"म्हणून तर म्हणायलो," काका टेबलावर वाकले. चिडले की त्यांचं लातूर बाहेर येतं. "लेकरं महिनोन्‌महिने पायमोजे घालून माश्या व्हायलीत. एकदा खरी माशी तर बघू द्या लांबून. राजगुरुनगरचा एक जण आहे ओळखीचा, तो फांदीसकट पोळं उचलून नेतो. रविवारी बोलावतो त्याला."

"रविवार न्हाई. शनिवारी तुमचा तास झाला की दुपारी माझा माणूस येणार. त्याच्या आधी तुमचा आला तर नेऊ द्या खुशाल." वाघोले उठले. मग बोट वर करून म्हणाले, "आणि काका, आत्ताच सांगून ठेवतो. एका जरी पोराला चावली, तर तुमचा तास बंद. कायमचा."

"कायमचा?"

"कायमचा."

मला वाटलं, आता काका तासभर भांडतील. बूट-चप्पल ठेवण्याच्या जागेवरून ते दोन मीटिंगा भांडलेले आहेत. पण त्यांनी फक्त हेल्मेट पुसलं, ते आधीच स्वच्छ होतं, आणि बाहेर गेले. जिन्याने. लिफ्ट समोर उघडी होती.

शनिवारची तयारी मी माझ्या पद्धतीने केली. सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे. पावडर, अत्तर, सुगंधी तेल नको. बर्फ तयार. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना घरी थांबायला सांगितलं. कुणाला कसली ॲलर्जी आहे का, ते प्रत्येक आईला फोन करून विचारलं. काकांनी पोळ्यापासून बऱ्याच अंतरावर बागेत चुन्याची रेघ मारली. मग मागे जाऊन बघितलं, पुसली आणि आणखी लांब मारली. राजगुरुनगरचा माणूस सकाळी येतो म्हणाला होता. त्याचा फोन लागत नव्हता.

"हेडकाउंट!" काकांनी सुरुवात केली, पण आवाजात नेहमीची कंपनी नव्हती.

मुलं रेघेमागे ओळीने उभी राहिली. इतकी शांत मी त्यांना झोपेतही पाहिलेली नाहीत. पोळं उन्हात चमकत होतं, त्याच्या पाठीवरून मधूनच एक लहर जायची.

"काका, ते हलतंय," ओवी कुजबुजली.

"शिफ्ट बदलायलीय. ती बघ, एक आली. पाय पिवळे दिसतात? ते काय?"

"हळद!"

"हळू. आणि ती कुणाची हळद?"

"फुलाची," शौर्य म्हणाला. डोळे पोळ्यावरून न काढता. तो घरी फार वांड आहे असं सगळे सांगतात. इथे रेघेला बूट चिकटवून उभा होता.

मी घड्याळ बघितलं. तास संपत आला होता. आता निभावलं, असं मनात आलं, आणि बोगनवेलीच्या पलीकडून फस्स असा आवाज झाला.

पेस्ट कंट्रोलवाला लवकर आला होता. त्याला पुढे दुसरं काम होतं. तो पार्किंगच्या बाजूने आला, पोळं दिसलं, पाठीवरचा पंप सुरू केला. वेलीची रांग एवढी दाट की त्याला आम्ही दिसलो नाही आणि आम्हाला तो. औषधाचा उग्र वास आला. पोळ्यावरचा काळा थर चादर झटकावी तसा सुटला आणि हवेत पसरला.

आत पळावं, तर बालवाडीचं दार त्या वेलीच्याच शेजारी. मागे कुंपण. मी हात पसरून मुलांच्या पुढे झाले, पण एवढ्या मुलांना दोन हात पुरत नाहीत.

काकांनी तळहात गालाला लावला. मान मागे टाकली.

"भोंऽऽऽऽ!"

सगळी मुलं फुलं झाली. पाय जुळले, हात वर गेले, तोंडं मिटली. मीही झाले. माझ्या कानाशी गुणगुण आली, केसांत काहीतरी उतरलं, मानेवरून चाललं. मी नोकरी केली आहे, दोन बाळंतपणं काढली आहेत, पण इतकी स्थिर मी कधी उभी राहिलेली नाही. माश्या मुलांच्या बोटांवर बसत होत्या, उठत होत्या. एक शौर्यच्या कानावर उतरली. मला दिसली. त्याचे डोळे गच्च मिटले, गालावरून पाणी ओघळलं. ती चावली होती. तो हलला नाही.

ओवीचा खालचा ओठ थरथरायला लागला. पाय उचलला जातोय असं दिसलं. ती पळाली असती तर बाकीची पळाली असती. काका तिच्याकडे निघाले. पाण्यात चालावं तसे, एक पाऊल, मग दुसरं. डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांनी अलगद तिच्या डोक्यावर ठेवलं आणि तिच्यापुढे पाठ करून, पोळ्याकडे तोंड करून उभे राहिले. ओवीचा पाय खाली आला. त्यांचं उघडं डोकं आणि चेहरा आता त्या ढगात होता.

पलीकडून पेस्ट कंट्रोलवाल्याची किंकाळी आली. तो पंप टाकून पळत सुटला होता, हात झाडत. थोड्या माश्या त्याच्यामागे गेल्या. बाकीच्या वर उठल्या, आमच्या डोक्यावर एक फेरी झाली आणि थवा कुंपणावरून कारखान्याच्या झाडांकडे गेला.

हवा रिकामी झाली. मी म्हटलं, "झालं बाळांनो. गेल्या माश्या. चला आत."

कुणी हललं नाही.

"अरे, चला ना! ओवी!"

हेल्मेटखालून ओवीचे डोळे माझ्याकडे वळले आणि परत सरळ झाले. दुसरा भोंगा झाला नव्हता.

आरडाओरडा ऐकून आया धावत आल्या, त्यांच्या पुढे वाघोले. "शौर्या! आरं इकडं ये! पळ!" शौर्य रडत होता, कान लाल झाला होता, हात वरच. वाघोल्यांनी त्याला उचललं, तर तो लाकडासारखा ताठ. काखेत धरलेला नातू आणि त्याच्या दोन पाकळ्या आजोबांच्या टकलावर. "ह्याला काय झालंय? मॅडम, पोरगं वाकंना!"

"काका, भोंगा!" मी ओरडले.

काका वळले. मला त्यांचा चेहरा तेव्हा दिसला. वरचा ओठ सुजून नाकाला टेकला होता, एक डोळा मिटला होता. त्यांनी तळहात गालाला लावला, मान मागे टाकली आणि जीव एकवटून फुंकलं.

"फुऽऽऽ."

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. "हा भोंगा नाहीये," ओवी बंद तोंडातूनच म्हणाली.

काकांनी परत प्रयत्न केला. फुऽऽऽ. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या एका उघड्या डोळ्यात इतकी अजिजी होती की मी जास्त विचार केला नाही. सगळ्या सोसायटीसमोर मी हात गालाला लावला.

"भों."

"मोठा!" हेल्मेट म्हणालं.

"भोंऽऽऽऽऽऽ!"

आणि सगळी फुलं रडत, ओरडत, आपापल्या आईकडे सुटली.

डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक मूल तपासलं. शौर्यच्या कानावर एकच डंख होता. बर्फ लावला, औषध दिलं, आणि थोड्याच वेळात त्याने आइस्क्रीम मागितलं. काकांना मात्र इंजेक्शन देऊन बराच वेळ बसवून ठेवलं. निघताना काकांनी मला बोटांनी मोजल्याची खूण करून विचारलं. शब्द फुटत नव्हते, पण मला कळलं. "जुळलं," मी म्हटलं. "सगळे आत आले." तेव्हा ते घरी गेले.

वाघोले ऑफिसात येरझाऱ्या घालत होते. "पोराला चावली तरी हललं न्हाई! असलं कसलं शिकवणं म्हणायचं? मी आजोबा हाक मारतोय, त्याला भोंगा पायजे!"

"हलला असता तर अजून चावल्या असत्या. आणि तुमचा माणूस लवकर आला, साहेब."

"त्याचं मी बघतो. पण मी काय बोललो व्हतो? एका पोराला चावली, तास बंद." ते खुर्चीत टेकले. "तुमी सांगा त्यांना. माझ्या तोंडून बरं दिसत न्हाई."

संध्याकाळी मी सातव्या मजल्यावर गेले. काका आमच्या सगळ्यांच्या बाल्कन्यांत जाऊन आलेले, पण त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. बेलवर बोट ठेवलं आणि आतून जरा बोबडे आवाज आले. "आरं शौर्या, पळ!" मग बारीक आवाजात, "हा भोंगा नाहीये." मग माझं बोलणं, माझ्याच घाईच्या ढबीत, "चला बाळांनो, चला आत." आणि कुणीतरी बाई हसत होती. अडखळत, दम लागल्यासारखी. पाहुणे दिसतात, उद्या यावं, असं मनात आलं. पण बेल दाबली गेली होती.

काकांनी दार उघडलं. ओशाळले.

हॉलमध्ये खिडकीशी दवाखान्यातला असतो तसा पलंग होता. त्यावर उशांना टेकवून बसवलेली एक बारीक बाई. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा, तोंडाची एक बाजू ओघळलेली. केस नीट विंचरून वेणी घातलेली. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं; सगळे आवाज काकांचेच होते.

"ही कावेरी," काका सुजलेल्या ओठांनी म्हणाले.

कावेरीताईंनी माझ्याकडे बघितलं आणि एकेक अक्षर उचलत म्हणाल्या, "देसाई... मॅडम." जणू रोज भेटतो. मग, "कान?"

मला कळलं नाही.

"शौर्यचा कान कसा आहे, विचारायलीय."

"बरा आहे. आइस्क्रीम खाल्लं त्याने."

त्या चेहऱ्याच्या एका बाजूने हसल्या. मग ओवी. हेल्मेट तिला मोठं झालं का? खडू खाणारा तो गोरा मुलगा आज आला होता का? मी उत्तरं देत गेले. त्यांनी एकाही मुलाला पाहिलेलं नव्हतं. प्रत्येकाचं नाव, खोड, कुणाचा दात पडला, सगळं त्यांना ठाऊक होतं.

काका चहा ठेवायला आत गेले, मी मदतीला म्हणून मागे. भांड्यात पाणी घालता घालता ते बोलले, माझ्याकडे न बघता. "टीव्ही तिला नको वाटतो. समोर माणूस बोलायला पाहिजे. आता माझ्याकडं सांगायला काय असतं मॅडम? दूध आलं, लाइट गेली, फलाण्याचा दुधी धरला. ती ऐकायची, माझ्यासाठी. तुमचा तास मिळाला तेव्हापासून स्वतः विचारायला लागलीय. शनिवारी तास आणला, की ती आठवडाभर पुरवते." चहा उकळून वर आला, त्यांनी गॅस बारीक केला. "चेअरमन साहेब काय म्हणाले?"

सांगायचं वाक्य मी लिफ्टमध्ये तयार केलं होतं. चांगलं होतं, थोडक्यात होतं.

"ते स्वतः येऊन सांगणार आहेत," मी म्हटलं.

खाली येऊन मी वाघोल्यांच्या दारात उभी राहिले. "मी नाही सांगणार. तुमचा निर्णय आहे, तुम्ही सांगा. लिफ्ट चालू आहे. आणि शौर्यला बरोबर न्या."

"त्याला कशाला?"

"त्याच्या कानाची चौकशी चालली आहे वर."

"मला काय भ्याव वाटतंय का सांगायला?" म्हणत त्यांनी शौर्यचं बोट धरलं.

मी क्लबहाऊसमध्ये जाऊन बसले. वाट्या धुतल्या, पायमोजे मोजले, जोड्या लावल्या. लिफ्ट वर गेली ती खाली येईना. वाघोल्यांना एक वाक्य बोलायला इतका वेळ लागत नाही. त्यांचा आवाज चढला असेल, काका गप्प उभे असतील, आणि पलंगावरून कावेरीताई हे सगळं ऐकत असतील. मी पायमोज्यांच्या जोड्या सोडवून परत लावल्या.

शेवटी लिफ्टचं दार वाजलं. शौर्य धावत आला आणि खेळण्यांत घुसला. वाघोले मागून आले आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीत, न बघता, बसले. गुडघे हनुवटीला लागले.

"त्या बाई म्हणल्या, कान दाखव," ते जमिनीकडे बघत बोलायला लागले. "ह्यानं दाखवला. मग म्हणल्या, फूल... आन् ह्यो झाला की लगेच. पाय जुळवून, हात वर करून. बाई बघत्यात, ह्यो हलंना. मी म्हणलं आता थकंल, मग थकंल. न्हाई. त्यांचं बघून होईस्तोवर उभा ऱ्हायला." त्यांनी नाकाखालून हात फिरवला. "घरात घास भरवायला मागं पळावं लागतंय ओ ह्याच्या."

"आणि तासाचं? सांगितलंत?"

"सोळुंके दारात उभा व्हता. तोंड ह्ये एवढं सुजलेलं. मला कुठनं शब्द सुचायचा?"

ते उठले. खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. मी मागून धरून ती सोडवली. दारापर्यंत जाऊन ते वळले.

"मॅडम, तास बागेत नको आता. वर घ्या. त्यांच्या हॉलात. आयांशी मी बोलतो." मग म्हणाले, "पण लिफ्टमधी एका येळी सगळी पोरं न्हाई मावायची."

"दोन खेपा करू," मी म्हटलं.